दुसऱ्या डोळ्याची तारीख

बारा हजार सहाशे फुटांवर डोकं ठणकत असतं
आणि ठणकणाऱ्या डोक्यानेच मी पट्ट्या सोडतो.
शाळेच्या वर्गात मांडलेला दवाखाना,
फळ्यावर अजून कुणाच्या तरी हातचा सातचा पाढा.

आसुंता चुकिमिया. वय अंदाजे सत्तर.
डावा डोळा, मोतीबिंदू पिकलेला, काल काढला.
अक्षर येत नाही म्हणून तिला तो तक्ता दाखवतो
ज्यात एकच खूण वर, खाली, आडवी वळत जाते.
दाते कुठल्या बाजूला, मी विचारतो.
ती म्हणते, ही फणी तळ्याकडे.
ही खाणीकडे.
ही खालची बारीक, हिच्यात उवासुद्धा अडकायच्या नाहीत,
पण दाते आभाळाकडे.
मी वहीत लिहितो : उजवीकडे, डावीकडे, वर.
लिहिताना वाटतं, काहीतरी सांडलं.

मग फोटोच्या आधीचा नेहमीचा प्रश्न :
आता दिसायला लागलं, आजी, पुढे काय करणार?
नीवेस, आमची परिचारिका, आयमारात विचारते.
आसुंता अंगठा उचलते, खांद्यावरून मागे नेते,
जिथे भिंत आहे आणि भिंतीवर काहीच नाही.
मी वळून बघतो. कुणी आलंय का?

'नातू,' नीवेस सांगते. 'लिम्बेर. साओ पाउलोत
जीन्स शिवतो. ऑगस्टात येईल म्हणते.'
मग तो मागे का?
'अजून आला नाही ना, डॉक्टर.
न आलेलं कुणाला दिसतं?'

आणि सेलेदोनियो, नवरा, कथलाच्या खाणीत गेलेला,
त्याच्यासाठी तिचा हात सरळ समोर येतो,
माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी थांबतो,
तळवा वर, जसं कुणाला बसायला सांगावं.
गेल्या वर्षी मेलेली लामा त्याच्याही अलीकडे,
लग्नाच्या दिवशीच्या गारा पार दाराबाहेर,
पण दिसतात, ती म्हणते,
मोतीबिंदूतूनही दिसत होत्या.

'नायरा,' नीवेस म्हणते, 'आमच्यात एकच शब्द.
डोळा. आणि होऊन गेलेलं.'

सतरा वर्षं डोळे उघडतोय.
काय उघडतोय ते कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री झोप नाही. हवा विरळ, पांघरुणं जड.
वडिलांचा फोन आठवतो, आईच्या तेराव्यानंतरचा :
मागचं सोड आता, पुढे बघ.
बघितलं होतं मी. पुढे विमानतळ होते,
एकामागून एक, सगळे पुसून स्वच्छ केलेले.
कूस बदलताना तोंडात शब्द येतो, पूर्वी.
पूर्वी म्हणजे होऊन गेलेलं.
आणि पूर्व, जिकडे तोंड करून उभं राहायचं,
उजवा हात दक्षिणेला ठेवून.
आणि पश्चात, पश्चिमेचा भाऊ, पाठीमागचा,
वडिलांच्या मृत्युपत्रात पहिल्याच ओळीत बसलेला :
माझ्या पश्चात.
म्हणजे आमचंही तोंड एकेकाळी इकडेच होतं.
कधी वळलो ते शब्दांना आठवतं, मला नाही.
वळताना कुणाची तरी मान लचकली असणार.

आसुंताला यातलं काही नको. सकाळी ती
चुन्यो घेऊन येते, दहिवरात गोठवून पायांनी तुडवलेले
काळे, हलके बटाटे, रंगीत फडक्यात बांधून.
एका डोळ्याने मला नीट न्याहाळते, म्हणते,
तू तुझ्या आवाजापेक्षा म्हातारा आहेस.
मग विचारते, दुसरा डोळा कधी?

थकव्यात तोंडून मराठीच निघतं : परवा.

'म्हणजे कुठल्या बाजूला?' नीवेस विचारते.
मी हात उचलतो.
तो खांद्यापर्यंत जातो, परत समोर येतो,
मध्येच कुठेतरी लोंबकळत राहतो.
आसुंता हसते,
फडक्याची गाठ सोडते
आणि बटाटे मोजायला लागते.