मोठा आवाज

कोचाबांबाच्या बाजारात मी मिक्सर विकतो,
घड्याळवाल्याच्या शेजारी, पत्र्याखाली.
गिऱ्हाईक आलं की आधी वॅट सांगतो,
मग काचेचं भांडं, मग हप्ते.

सेनोबिया किस्पे आज तिसऱ्यांदा आली.
पिशवीत स्वतःचे टोमॅटो, दोन लोकोटो मिरच्या,
उग्र वासाच्या किलकिन्याची जुडी.
म्हणाली, चालवून दाखव.

मी काढला तो महागातला, मुका,
ज्याच्या शेजारी तान्हं मूल झोपेल.
तिनं टेबलावर तळहात ठेवला, डोळे मिटले.
"हा तर मेलाय. पुढचा."

पुढचा गुरगुरला. त्याच्या पुढचा किंचाळला.
पाचवा, सगळ्यात स्वस्त, एका अंगाला कललेला,
नाचत नाचत पार कडेला गेला.
तिनंच झेलला.
बोटानं चटणी चाखून तोंड वाकडं केलं:
"चिरलीय नुसती. वाटलेली नाही."
आणि घोळदार घागऱ्यातून नोटा काढल्या.

न राहवून मी विचारलं.
तिनं मनगट पुढे केलं, सुजलेलं, फडक्यात बांधलेलं.
घरच्या पाट्यावरचा तो अर्धगोल धोंडा
आता डोलत नाही तिच्याच्यानं.
नवऱ्याचे कान खाणीतल्या ड्रिलनं नेले.
एकोणीस वर्षं तो धोंड्याच्या हादऱ्यावर
उठून जेवायला येतोय.

पावती फाडताना म्हटलं, याला वॉरंटी नाही.
"आमच्या टेबलालाही नाही," ती म्हणाली,
"पाय हलतो त्याचा. बरंच आहे."

ती गेल्यावर
मी मुका मिक्सर रिकामाच लावला,
हात ठेवून पाहिला.
घड्याळवाला विचारत होता, बिघडला का रे?