आठ इंची

टॉर्किल्डच्या टेबलावर दोन वूफर उताणे:
एक कागदी शंकूचा, एक ॲल्युमिनियमचा.
आलेख ॲल्युमिनियमच्या बाजूनं.
बाहेर लेमविगचं बंदर, चारलाच अंधारलेलं.

कागदावर टिचकी मारतो. टप्प.
धातूवर. टण्ण... आणि उगाच थोडं अजून.
"हा बोलून झाल्यावरही बोलतो," म्हणतो,
"आमच्या मेव्हण्यासारखा."
तरी स्क्रू हातातच.

शेवटी इंगर येते,
कानातलं यंत्र काढून खिडकीत ठेवते,
लाकडी जमिनीवर तळवे टेकून बसते.

चेलोची जाड तार.
एकदा यातून. एकदा त्यातून.

इंगर पायाच्या अंगठ्यानं
कागदीकडे दाखवते.

टॉर्किल्ड आलेख पालथा घालतो,
त्यावर आठ स्क्रू मोजून ठेवतो.
सातच भरतात.