कंस

आजोबा, हसुराम पोशा घरत,
मेले दोन हजार तीनच्या भाद्रपदात.
दोन हजार एकोणीसला
ठाण्यात दुय्यम निबंधकासमोर
ते समक्ष हजर राहिले,
कॅमेऱ्यात बघितलं
आणि कुलमुखत्यारपत्रावर सही केली,
वळणदार, खाली दोन टिंबं.

बामीआत्या दोन बोटांनी सही मोठी करत राहिली.
"माजे बापसाला सही येत नव्हती गो.
मेल्यावर शालेत गेला काय?"

फोटोत कुणीतरी टोपीवाला.
आजोबांच्या डाव्या कानाची पाळी
रेतीच्या बोटीवर फाटली होती.
याचे दोन्ही कान शाबूत.

शीळफाट्याच्या अलीकडे आमचे एकोणीस गुंठे.
वारसनोंद राहून गेली होती,
पावसाळा जाऊ दे, लग्न होऊ दे, करत.
मी आत्याला सातबारा वाचायला शिकवला:
हा गट नंबर, हा फेरफार,
हे वर कुणी डेव्हलपर्स,
आणि हे आजोबा, कंसात.
कंसात म्हणजे?
म्हणजे कमी केले.
"मेला तवा कोनी टाकला नाय कंसान,
सही शिकला नि टाकला!"
हसता हसता तिला ठसका लागला.
"नि कंस बोलशील तं मामाच असंल कोनाचा तरी."

माझाच होता.
साक्षीदार क्रमांक दोन.
माझ्या दहावीच्या फॉर्मवर
पालक म्हणून तीच सही आहे.

आई तीन दिवस भाकऱ्या थापत राहिली.
चौथ्या दिवशी पेटीच्या तळातून
मृत्यूचा दाखला काढला,
कोपरा वाळवीने खाल्लेला, तारीख शाबूत.
म्हणाली, तक्रारीत त्याचं नाव लिही.
पूर्ण लिही. आमच्या बाबांच्या नावासकट.

पोलिसांत गुन्हा. प्रांताकडे अपील. स्थगिती.
तारखा.
मध्ये एक नोटीस आजोबांच्याच नावे आली:
समक्ष हजर राहावे,
अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.
ती आत्याने देवळीत ठेवलीय.

निकाल अजून नाही.
मामाच्या घराला रंग लागलाय, पिस्ता.

रविवारी बाजार उठल्यावर
गावदेवीच्या ओट्यावर बायका जमतात,
मासळीचा वास लागलेले फोन घेऊन.
बामीआत्या प्रत्येकीचा गट नंबर तोंडपाठ विचारते,
चुकला तर परत.
"पयले वारस लावा.
मेलेली मानसा कोनालाबी हो बोलतान."
मग पदराने चष्मा पुसते
आणि पुढचा फोन मागते.