दुसऱ्या रविवारी

शुक्रवारी रात्री मी फ्रीझ जाहीर केला.
आता नवं काही घेणार नाही, फक्त दुरुस्त्या.
इरू पांघरुणातून म्हणाली,
मग आइस्क्रीम कुठे ठेवायचं?

आमचं सॉफ्टवेअर लहानसं आहे.
अक्षराला अक्षर नीट जोडून देतं, एवढंच.
कुणाच्या फोनमध्ये आहे, ते त्या फोनवाल्यालाही माहीत नसतं.
माणसं सात. एक तालिनला, एक चिलीत,
दोघं कुठले ते मी कधी विचारलं नाही.
आणि आवृत्तीची तारीख सांभाळणारी मी,
इंदिरानगरात, गॅलरीत,
डोक्यावर न वाळलेला शाळेचा युनिफॉर्म.
पगार?
पगार हे आमच्या बोट क्लबच्या सरांचं आडनाव आहे.

पगार सर पहाटे साडेपाचला शिट्टी फुंकतात.
गंगेवर तेव्हा डिसेंबर असतो, दुसरं काही दिसत नाही.
चौघी जणी, चार वल्ही, मी तिसऱ्या जागेवर.
समोर कादंबरी बोरस्तेची पाठ,
पाठीवर कुठल्याशा खतकंपनीचा टीशर्ट.
महिनोन् महिने मी तेवढंच वाचते आहे.
वल्हवणाऱ्याने पाठमोरंच पुढे जायचं असतं,
सुटलेला किनारा बघत.
समोरचं बघायला सुकाणूवर एक पोरगी,
अठ्ठेचाळीस किलोची,
ती ओरडेल ते खरं.

शनिवारी रात्री अकराला
मालेगावच्या मुजम्मिलचा निरोप आला:
मॅडम, जुन्या फोनवर दुसऱ्यामधला र तुटतो.
किनाऱ्यामधलाही.
तऱ्हा तर वाचताच येत नाही.
पाहिलं. खरंच होतं.
पापणीएवढा अर्धा र
आपल्या य पासून बोटभर लांब जाऊन उभा,
भांडून आल्यासारखा.

बाराला आवृत्ती काढायचं कबूल केलं होतं मी.
सव्वासहाला चाचणी शर्यत.
श्रीरंग अंबडला, तिसऱ्या पाळीत.
इरूला खोकला.
मी पाटीवर लिहावं तसं मनात लिहिलं:
दुरुस्तीला तीन तास, तपासायला दोन,
झोपेला उरतो उणे एक.

तीन-शून्यच्या वेळी इरूचा वाढदिवस होता.
फोटोत केक आहे, फुगे आहेत,
माझा एक कोपर आहे.
तीन-एकच्या वेळी मी शर्यत सोडली
आणि कादंबरी पंधरा दिवस माझ्याशी
फक्त हवामानाबद्दल बोलली.

तीन-दोन मी काढली नाही.
लिहिलं: पुढच्या रविवारी. कारण: र तुटतो.
दिवा मालवला, आणि वाट बघत पडून राहिले
की आता जगात कुठेतरी काहीतरी कोसळेल.
तालिनहून एक अंगठा आला.
बस.

पहाटे इरूला माकडटोपी घालून स्कूटरवर घेतलं,
काठावर सरांच्या खुर्चीत बसवलं, थर्मास, वही.
आम्ही चौथ्या आलो. पाच बोटींत.
सर म्हणाले, हातात झोप आहे तुमच्या.
होती. पाच तासांची, सलग,
मला तर ती पदकासारखी वाटत होती.

इरूच्या वहीत शुद्धलेखन:
दुसऱ्या, दुसऱ्या, दुसऱ्या, दहा वेळा.
ती य आधी काढत होती
आणि मग त्याच्या खांद्यावर
जीभ बाहेर काढून, जपून, पापणी टेकवत होती.
बिघाडाचं उत्तर ते नव्हतं.
उत्तर बुधवारी सापडलं, भलत्याच ओळीत, चिलीवाल्याला.
तरी मी ओल्या हातांनी उभी राहून
दहाही वेळा बघितलं.

दुसऱ्या रविवारी पाच वाजता,
निघायच्या आधी, मोजे घालता घालता
तीन-दोन सोडली.
चाळीस मिनिटांनी मुजम्मिल:
मॅडम, दुसऱ्या झकास.
आता जरा वऱ्हाड बघता का?

फोन काठावर, डब्यात होता.
मी पाण्यात.