न्-चं पान

पुस्तक टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड,
कोपरे बिअरने फुगलेले, कण्याला चिकटपट्टी.
त्यात हजारो गाणी पहिल्या अक्षराने रांगेत:
आधी आ, मग इ, मग उ,
हजेरीला उभी असल्यासारखी.

रुमोईच्या धक्क्यामागे हा बार. सात खुर्च्या, एक कॅराओके मशीन.
मालकीण तोमिए, पण इथल्या रिवाजाने
सगळे तिला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई.
मी गुरुवारी ग्लास विसळते
आणि रिमोटवर गाण्यांचे क्रमांक दाबते.

बर्फाने रस्ता बंद पडला की
भेंड्यांसारखा एक खेळ रंगतो.
शेवटचं अक्षर धरायचं नाही,
एकेका गाण्याच्या पहिल्या अक्षराने नाव लिहायचं.
गॅसवाल्या मोरितांनी बायकोचं नाव गायलं, सा-यो-को.
तिसरं कडवं संपेतो ती स्वतःच दारात,
हातात बर्फाचं फावडं.
पोस्टातल्या दोघींनी साहेबाला शिवी हासडली,
दोन गाण्यांत. दोन्ही प्रेमाची होती.

इवाओ-सान मात्र दर गुरुवारी तेच मागतात.
आधी 'से': सेनाका, म्हणजे पाठ.
कुणाची तरी पाठ फलाटावरून लहान होत जाते.
शेवटी 'ता': ताकी, म्हणजे धबधबा.
तिथे त्यांचा सूर दरवेळी घसरतो, मशीन एकेचाळीस गुण देतं.
आणि मध्ये
ते माइक उपडा ठेवतात नि मला म्हणतात,
'थांब जरा. एका गाण्याएवढं.'

मला वाटायचं, दम लागतो.
वयही आहे, फुप्फुसात चाळीस वर्षांचा डिझेलचा धूर आहे.
तिसऱ्या हिवाळ्यात मामा लिंबू कापताना म्हणाली,
मान वर न करता:
'सेन्ता. मुलगा त्यांचा.
न्-वरून गाणं कुठून आणणार?'

खरंच. न्-वरून आमच्यात शब्दच नाही.
त्या अक्षरावर येऊन थांबता येतं,
निघता येत नाही.

तेव्हापासून ती साडेतीन मिनिटं मी मोजते.
फ्रिज कण्हतो.
बर्फ ओढणारं यंत्र नारिंगी दिवा फिरवत जातं,
बाटल्यांवरून उजेड पुसून जातो.
वाळवलेला माखूल कुणी चावायचं थांबवतं.
एकदा आसाहिकावाचा एक सेल्समन ओरडला,
'मशीन मोकळंय ना? मग माझं लावा!'
मामाने त्याच्यापुढे न मागवलेली बशी आपटली.
'चालू आहे गाणं,' ती म्हणाली.

सेन्ता गेला की आहे, मी विचारलं नाही.
दोन्हींसाठी आम्ही एकच क्रियापद वापरतो, 'दिसत नाही'.

मग फेब्रुवारीत पुस्तक हातातून पडलं
आणि शेवटचं पान उघडलं,
वा-च्या रांगेनंतरचं, कोरं, छापखान्याने उगाच सोडलेलं.
वर पेन्सिलीने लिहिलेलं: न्.
खाली एक क्रमांक, आठ खोडून नीट केलेला.

गाण्यांचे क्रमांक सहा आकडी असतात.
हा दहा आकडी होता.
सुरुवात साप्पोरोची.

इवाओ-सान माइक उपडा ठेवत होते.
मी काय केलं ते मलाही सांगता येत नाही,
रिमोट उचलला आणि दाबत गेले.
मशीनने सहा आकडे घेतले, पुढचे नाकारले
आणि बेडकांचं बालगीत सुरू केलं,
ढोल, पिपाणी, पडद्यावर हिरवी उडी.

सगळे गोठले.
मामाच्या हातातली सुरी तशीच.
इवाओ-सानांनी पडद्याकडे पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि मग जाड, तडकलेल्या हातांनी
टाळ्या धरल्या, ठेक्यात,
मूल समोर नाचत असल्यासारख्या.

धबधबा त्या रात्री त्यांनी मागितला नाही.

मी गल्ली उतरत घरी आले.
उरलेले चार आकडे
हातमोज्यात, बोटांच्या टोकांशी,
अजून दाबायचे होते.