काळी चौकट

लानचौमध्ये, पिवळ्या नदीच्या दक्षिण काठावर,
छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खिळे गेले, शाई गेली,
तरी आम्ही छापखानाच म्हणतो.
खालून नूडल्सच्या रश्शाचा वास सहापासून चढत असतो.

मी चुका काढते. बावीस वर्षं.
विद्यापीठाची अकरा नियतकालिकं माझ्या डोळ्यांखालून जातात
आणि मला त्यातलं काहीच कळत नाही,
किंवा सगळ्यातलं थोडंथोडं कळतं,
लग्नातल्या वाढप्याला कळतं तसं:
कोण रुसलंय, कुणाच्या पानात काय उरलंय.

सोमवारी भाताच्या एका जनुकाने मान टाकली.
मंगळवारी थांग काळातला एक कारकून
उंटांच्या चाऱ्याच्या हिशेबात सापडला,
बाराशे वर्षांनी, तीन पेंढ्यांसाठी.
त्याच दुपारी डोंगराच्या पोटात
टाकीभर पाणी अंधारात वाट बघत होतं
अशा कणाची, जो बहुधा कुणालाच धडकत नाही.
बेडकांच्या हाका. कर्जरोख्यांवरचे अंगठे. पोलादाचा थकवा.
हो, पोलादही थकतं; त्यावर चाळीस पानं आहेत,
आणि तळटिपेत लेखकाने बायकोचे आभार मानलेत.

माझं काम बारीक.
‘स्वतः’, ‘आधीच’ आणि पंचांगातला साप:
तिघांचं वळण एकच, फरक डाव्या अंगाच्या फटीचा.
उघडी राहिली तर स्वतः,
अर्धी मिटली तर होऊन गेलेलं,
पुरती मिटली की साप.
मोठमोठे प्राध्यापक इथे घसरतात.

मार्चमध्ये, वाळूचं वादळ काचा घासत होतं तेव्हा,
एकाच आठवड्यात दोन लेख आले.
एक मू जिंगयुआन यांचा:
एक वाळूची टेकडी, एकतीस वर्षं,
दर शरदात खांबापासून मोजलेली.
ठाणे क्रमांक सात. विहीर कोरडी. वस्ती: नाही.
दुसरा छ्यू यूथोंगचा:
एका म्हातारीच्या तोंडचे वाऱ्यासाठी चौदा शब्द.
दार न वाजवता घरात येऊन बसणारा वारा.
फक्त रात्री चालणारा.
अक्षांश-रेखांश मी सवयीने ताडून पाहिले.
विहीर एकच.

(पाच घरांखाली वस्ती धरत नाहीत, रकान्याचा नियम.
म्हातारी एकटीच होती.)

मजकुराला हात लावायचा नाही.
ल्वानबाई म्हणाल्या, भूगोल दुसऱ्या मजल्याचा,
भाषा चौथ्याची, तू जिन्यात उभी राहू नकोस.

मी जिन्यात उभी राहिले आणि फोन लावला.
मू यांच्याकडे एका तरुण आवाजाने उचलला,
थांबा म्हणाला, मग बराच वेळ नुसता टीव्ही,
उद्याचं हवामान, शहरामागून शहर.
मग तोच आवाज: बाबा नववर्षाच्या आधीच गेले.
लेख छापणार ना?

छापणार. आमच्यात रीत आहे,
गेलेल्याच्या नावाभोवती काळी चौकट.
ती मीच आखते. चारी बाजू सारख्या.

यूथोंग म्हणाली, थांबा हो,
म्हातारी एका माणसाबद्दल सांगायची.
खांबाला फीत लावतो, पाणी मागतो,
पाणी नसतं, मग ती खरबूज कापते.
चौदावा शब्द आहे ना,
वर्षातून एकदा येऊन काही न मोडता जाणारा,
तो वारा आहे की तो माणूस,
मला नीट विचारायला हवं होतं.
आता विचारते, म्हणाली. बस शनिवारी आहे.

मी पुन्हा टेबलाशी आले.
मूंच्या शेवटच्या वाक्यात
टेकडी विहिरीशी ‘स्वतः’ पोचली होती.
चूक उघड होती.
मी फट अर्धी मिटवली.

गुरुवारी रेशमाच्या किड्यांवरचा लेख आला
आणि पोलादाची दुसरी प्रत.
थकवा तोच, आलेख तेच.
तळटिपेत बायकोचं नाव नव्हतं.
ती चूक आहे का,
हे विचारायचं कुणाला?