कंसात

तिकडं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा
टिळकवाडीत, पहिल्या गेटजवळ, केमिस्टच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सातजणी कान झाकून बसलेल्या असतो.
सकाळचे साडेसहा. खाली दूधवाल्याचे कॅन आपटतात.
अध्यक्ष व्हायला निघालेले दोघं भांडतात
आणि आम्ही ते टाइप करतो, पैसे मिनिटावर.
माझ्या वाट्याला चाळीस ते साठ.

नियम भिंतीला चिकटवलेत.
टाळ्या कंसात. हशा कंसात.
दोघं एकदम बोलले तर (गोंगाट).
ऐकूच आलं नाही तर (अस्पष्ट).
एक नियम तेवढा कागदावर नाही,
तो सर फोनवर सांगतात, आवाज खाली आणून:
निळ्या टायवाल्याचे अं-अं गाळायचे,
दुसऱ्याचे राहू द्यायचे. चॅनलची तशी पद्धत हाय.

मी गाळले. एकोणीस.
वाचून बघितलं तर केवढा शहाणा माणूस!
दुसरा पानभर अडखळत होता.
याला विचारलं होतं कराचं, पेट्रोलचं.
त्याला विचारलं, तुमची आजी कुठल्या रंगाची,
आणि तुम्ही स्वतःला नक्की कुणात धरता?
यावर कोण अं म्हणणार नाही?

बेचाळिसाव्या मिनिटाला सीमा आली.
निळा म्हणाला, ते घुसतायत.
दुसरा म्हणाला, ते येऊ देत, पण रांगेनं.
निवेदिका म्हणाली, मग त्यांचं काय करायचं, दोन मिनिटांत सांगा.
'ते' मी एकसष्ट वेळा टाइप केलं.
मोजायची सवयच आम्हाला. इथं पाटीवरची अक्षरंसुद्धा मोजतात,
कन्नड केवढी, मराठी केवढी, पट्टी लावून.

सत्तेचाळीसला, मागच्या रांगेतून, एक बाई ओरडली.
चार सेकंद. मग टाळ्या, मग जाहिरात.
पाच वेळा मागं नेलं. सहाव्यांदा शिवलीलाला ऐकवलं,
ती हुक्केरीची, तिचे कान माझ्याहून तिखट.
दोघींना एकच ऐकू आलं:
माझं नाव विचारा.
शिवलीला म्हणाली, बिडव्वा, कंसात घाल,
आठ रुपयं कापतील उगीच.

आमच्या वडगावच्या गल्लीत दोन मंडळं, दोन कमानी.
नळावरचं भांडणसुद्धा दोन भाषांत.
एकाच कागदावर आख्ख्या गल्लीच्या सह्या
मी एकदाच बघितल्या, मागच्या उन्हाळ्यात.
उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या पोरांविरुद्ध अर्ज,
ओडिशाची सहाजणं, मुचंडीकरांच्या पत्र्याच्या खोलीत.
ते रात्री जागतात. ते मासळी तळतात.
ते कोण आहेत, कुणास ठाऊक.
वर कन्नड, खाली मराठी, एक शब्द कमी-जास्त नाही.
मसुदा माझा. माझं अक्षर चांगलं ना.

आणि हीच मी, तहसीलच्या खिडकीवर
'निम्मूर याव्दरी?' विचारलं की वडगाव म्हणते.
तो म्हणतो, ते झालं. मूळ गाव?
तेव्हा मीपण अं-अं करते.

सत्तेचाळीसला त्या बाईचं वाक्य लिहिलं, होतं तसं.
नवाच्या आत फाइल परत आली, पिवळा पट्टा मारून:
कंसात घ्या.
घेतलं. सिलिंडर भरायचा होता.

घरी जाताना मुचंडीकरांची खोली उघडीच दिसली.
रिकामी. नव्या भाडेकरूसाठी चुन्याची बादली दारात,
भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं,
गोल गोल, वेटोळी अक्षरं.
मला आधी कन्नडच वाटलं.
फोटो काढून शिवलीलाला पाठवला, काय लिहिलंय बघ की.
बराच वेळ काही नाही.
मग आलं: हे आमचं न्हवं गं.

सहा ओळी आहेत.
सहाच जण होते.